रात्री नऊची चर्चा आणि काठावरचे मत



गिरगाव, खेतवाडी, सी. पी. टँक या पट्ट्यात ज्यांच्या पेढ्या किंवा बिऱ्हाडे आहेत, त्यांना २३ फेब्रुवारी २०१७ हा दिवस आठवत असेल. मुंबई महापालिकेची मतमोजणी चालू होती. प्रभाग क्रमांक २२० मध्ये भारतीय जनता पक्षाचे अतुल शाह आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांच्या मतांची बेरीज सारखी आली. एकाला ५,९४६, दुसऱ्यालाही ५,९४६. फेरमोजणी होऊन अखेरचा आकडा हाच राहिला. मग नियमाप्रमाणे चिठ्ठी काढण्यात आली आणि कौल शाह यांच्या बाजूने लागला.

माझे धाकटे मेहुणे त्याच प्रभागातील मतदार. त्या सायंकाळी ते आमच्या दादरच्या घरी आले होते. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आमच्याकडेच झाले, परंतु पानात त्यांचे लक्ष नव्हते. हात धुताना म्हणाले, "दाजी, माझे एक मत घरातच राहिले." मी विचारले, "दिले असते तर कोणाला दिले असते?" त्यांना सांगता येईना. या गोष्टीला आठ वर्षे होऊन गेली. अजूनही त्यांना सांगता येत नाही.

हे गृहस्थ निष्काळजी नाहीत. पेढीवरचा एक रुपयाचा फरक सापडेपर्यंत रात्रीचे अकरा वाजवणारे आहेत. त्या वर्षी मात्र त्यांच्यापुढे खरोखरच पेच पडला होता. त्यांच्या घरात वर्षानुवर्षे युतीला मत देण्याची रीत होती. २६ जानेवारी २०१७ रोजी शिवसेनेने स्वतंत्र लढण्याची घोषणा केली आणि युती तुटली. राज्यात दोघे एकाच मंत्रिमंडळात आणि महापालिकेत एकमेकांसमोर उभे. आपल्या व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर भागीदारी मोडली, पण दुकानाची पाटी दोघेही आपलीच म्हणत होते. जुन्या गिऱ्हाइकाने कोणत्या दारात जावे?

अशा वेळी एखाद्या प्रामाणिक माणसाने जे करावे तेच त्यांनी केले. जवळजवळ तीन आठवडे ते रोज रात्री नऊ वाजता दूरचित्रवाणीसमोर बसले. मराठी वाहिन्यांवरील चर्चा त्यांनी एकही चुकवली नसावी. हे मला ठाऊक आहे, कारण चर्चा संपली की त्यांचा मला दूरध्वनी येत असे. सुरुवातीचे दूरध्वनी मला चांगले आठवतात. त्यांची इमारत उपकरप्राप्त, जिन्याला टेकू लावलेले. पाण्याचा दाब कमी. गल्लीत माल उतरवायला टेम्पो उभा राहिला की दंडाची पावती. या तीन गोष्टींवर कोण काय बोलतो, हे त्यांना ऐकायचे होते. मतदानाच्या आधीच्या आठवड्यातील दूरध्वनींत मात्र पाणी नव्हते आणि टेम्पोही नव्हता. कोणी कोणाला दगा दिला, कोणाचा भ्रष्टाचार मोठा, मुंबई कोणाची, एवढेच होते. मत कोणाकडे झुकले ते मी सांगू शकत नाही. त्यांचा प्रश्न मात्र पार बदलून गेला होता. मंगळवारी, २१ फेब्रुवारीला, मतदानाची सुट्टी होती. मतदान केंद्र घरापासून सात मिनिटांवर. ते सकाळीच नातेवाइकांकडे भाईंदरला निघून गेले. जाताना वहिनींना म्हणाले, "भांडून भांडून उद्या पुन्हा एक होतील. आपण कशाला मध्ये पडा?"

दूरचित्रवाणीवरील चर्चा काठावरच्या मतदाराचे मत फिरवते काय, हा प्रश्न जगात पुष्कळांनी तपासून पाहिला आहे. त्यांतील एक अभ्यास मला विशेष वाटतो. कॅरोलिन ल पेनेक आणि व्हँसाँ पॉन्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९५२ पासूनच्या, दहा देशांतील ६२ निवडणुकांची पाहणी केली. त्याच मतदारांना निवडणुकीआधी विचारले आणि नंतर पुन्हा विचारले. त्यांना असे आढळले की १७ ते २९ टक्के मतदार शेवटच्या दोन महिन्यांत आपला निर्णय पक्का करतात. म्हणजे काठावरची माणसे थोडीथोडकी नाहीत. त्यांनी ५६ दूरचित्रवाणी वादसभाही तपासल्या. ज्यांना निर्णायक म्हणून नावाजले जाते, त्या सभांच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत मतदारांच्या निर्णयावर परिणाम झाल्याचे त्यांना दिसले नाही. अनिश्चित मतदारांवरही नाही. त्या दहा देशांत भारत नव्हता, हे ध्यानात ठेवावे. पण जिथे उमेदवार स्वतः समोरासमोर उभे राहून नियमाने बोलतात तिथली ही गत आहे.

मग केनेडी-निक्सन यांचे काय, असे आमच्या पिढीतील वाचक विचारतील. वाणिज्य महाविद्यालयात असताना आम्हांला ही कथा एका प्राध्यापकांनी रंगवून सांगितली होती. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोला पहिली वादसभा झाली. निक्सन नुकतेच गुडघ्याच्या दुखण्यातून उठलेले, चेहरा उतरलेला, केनेडी टवटवीत. ज्यांनी रेडिओवर ऐकले त्यांना निक्सन जिंकले असे वाटले आणि ज्यांनी पाहिले त्यांना केनेडी, असे तेव्हापासून सांगितले जाते. पुढे संशोधकांनी शोध घेतला तेव्हा या कथेचा पाया फार कच्चा निघाला. रेडिओ ऐकणाऱ्यांची ती पाहणी अगदी लहान होती आणि त्यांतले किती आधीपासूनच निक्सनच्या बाजूचे होते, याचा हिशेब धड नव्हता. कथा सुंदर होती म्हणून टिकली. सुमारे पावणेसात कोटी मतांत केनेडींचे आधिक्य एक लाख बारा हजारांच्या आसपास होते, त्यामुळे कोणत्याही एका कारणाला श्रेय देता येते.

मला त्याहून अधिक शिकवून जाते ती १९७६ ची गोष्ट. ६ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष फोर्ड वादसभेत म्हणून गेले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. त्या रात्री पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यात वावगे वाटले नाही. लगेच विचारले तेव्हा फोर्ड फारसे मागे नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी तेच एक वाक्य पुनःपुन्हा उगाळले आणि चोवीस तासांत लोकांचे मत उलटले. वादसभा तीच, ऐकणारे तेच. नंतर जी बोलणी झाली त्यांनी निकाल बदलला.

ही गोष्ट आपल्या घरांना तंतोतंत लागू पडते. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात अठ्ठावीस माणसे आहेत. त्यांतील पूर्ण चर्चा पाहणारे दोन-तीन. बाकीच्यांपर्यंत पोहोचतो तो चाळीस सेकंदांचा तुकडा, आणि तो कोण पाठवतो? ज्याचे मत कधीच पक्के झालेले आहे तो. त्याच्या पक्षाच्या प्रवक्त्याने समोरच्याला गप्प केले तेवढाच तुकडा तो पाठवतो. काठावर बसलेल्या भाच्याला वाटते की आपण चर्चा पाहिली. वस्तुतः त्याने आपल्या काकांचे मत पाहिलेले असते.

आपल्याकडच्या रात्रीच्या कार्यक्रमाला वादसभा म्हणावे काय, याचीही मला शंका आहे. पडद्यावर सहा-आठ खिडक्या, प्रत्येकीत एक चेहरा, मध्यभागी सूत्रसंचालक. ज्यांना आपण मत देणार ते उमेदवार त्यांत क्वचितच असतात. असतात ते प्रवक्ते. प्रवक्त्याला तुमच्या गल्लीची जलवाहिनी ठाऊक असण्याचे कारण नाही आणि त्याला कोणी तो प्रश्न विचारतही नाही. माझ्या मेहुण्यांच्या जिन्याचे टेकू काढायचे काम महापालिकेचे नसून म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचे, म्हणजे राज्य शासनाच्या बाजूचे. पाण्याचा दाब आणि मलवाहिनी मात्र महापालिकेची. एवढी एक गोष्ट जरी त्या तीन आठवड्यांत कोणी समजावून सांगितली असती, तरी कोणाला काय विचारावे हे त्यांना कळले असते. ती त्यांना कोणी सांगितली नाही. मीच पुढे सांगितली, तीही निकाल लागल्यावर. हा माझाही दोषच म्हणायचा.

उमेदवारांनी समोरासमोर बोलण्याची परंपरा आपण रुजवलीच नाही. १९७७ पासून मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी आणि दूरदर्शनवर प्रचारासाठी वेळ मिळू लागला, पण ते ज्याचे त्याचे भाषण. मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती मदन लोकूर, न्यायमूर्ती अजित शाह आणि ज्येष्ठ पत्रकार एन. राम यांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर वादसभेचे निमंत्रण दिले. गांधींनी ते स्वीकारले. सभा मात्र झाली नाही. कोणी का टाळली यावर त्याही आठवड्यात रात्री नऊला चर्चा झाल्या, हा त्यातला विनोद. मुंबईत २० मे रोजी, सोमवारी, मतदान झाले. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आणि शाळाही बंद. दक्षिण मुंबईत मतदान कसेबसे निम्म्याच्या आसपास गेले. वायव्य मुंबईत रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. साडेचार लाखांच्या वर मते घेतलेल्या दोन उमेदवारांत अंतर ४८, आणि त्याच मतदारसंघात १५ हजारांहून अधिक लोकांनी ‘नोटा’चे बटण दाबलेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आमच्या माहीम विधानसभा मतदारसंघात तिरंगी लढत होऊन महेश सावंत १,३१६ मतांनी विजयी झाले. एका मोठ्या गृहसंकुलातील माणसे घरी बसली की एवढा फरक पडतो.

चर्चेचा आणखी एक परिणाम मी माझ्याच घरात पाहिला आणि त्याने मला अस्वस्थ केले. २०२५ च्या ऑगस्टच्या आरंभी दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेने ताडपत्री घातली. ६ ऑगस्टला जमावाने ती हटवली. उच्च न्यायालयापुढे प्रश्न होता तो नागरिकांच्या आरोग्याचा, श्वसनविकारांचा. दोन-तीन रात्रींत वाहिन्यांवर तो ‘जैन विरुद्ध मराठी’ असा होऊन गेला. एका खिडकीत एक, दुसऱ्या खिडकीत दुसरा. आमचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातले. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीखेरीज दुसरी भाषा नाही. माझी नऊ वर्षांची नात माझ्या शेजारी बसून पाहत होती. तिने विचारले, "आजोबा, आपण कुठल्या खिडकीत?"

मला उत्तर देता आले नाही. मी दूरचित्रवाणी संच बंद केला. न्यायालयात प्रकरण असताना ताडपत्री अंगबळाने हटवणे मला पटले नाही, हे येथे लिहितो; काही वाचकांना ते रुचणार नाही याची कल्पना आहे. कबुतरांना दाणे घालणारी माझी शेजारीण आणि दम्याने रात्रभर उशाशी बसणारा तिचाच नवरा एका घरात राहतात, हेही मला ठाऊक आहे. त्या दोघांना एका पडद्यावर बोलावले तर ती चर्चा ऐकण्यासारखी होईल. पण तशा जोडप्याला कोणी बोलावत नाही, कारण त्यांना कोणत्या खिडकीत बसवायचे हे ठरत नाही. काठावरच्या माणसाला ही चर्चा पटवून देत नाही. त्याला उचलून कोणत्या तरी खिडकीत नेऊन बसवते, आणि ज्याला तिथे बसायचे नसते तो उठून जातो. माझे मेहुणे भाईंदरला गेले ते असेच. (अनेकान्तवादाचे नाव घेऊन हा लेख सोपा करता आला असता, हे मला कळते. पण आपण ते नाव व्याख्यानात घेतो आणि घरी चाळीस सेकंदांचा तुकडा पुढे पाठवतो, म्हणून आज घेत नाही.)

पूर्वी सगळे आलबेल होते असे मुळीच म्हणायचे नाही. वरळीला दूरदर्शनचे मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्याच्या पाच वर्षे आधी, १९६७ मध्ये, दक्षिण मुंबईतून स. का. पाटील यांच्यासारखा मातब्बर काँग्रेस नेता जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडून पराभूत झाला. पाटील यांना हरवता येते, एवढीच गोष्ट फर्नांडिस आणि त्यांचे कार्यकर्ते भिंतीवरच्या पत्रकांतून आणि दारोदार जाऊन सांगत राहिले. त्या निवडणुकीविषयी माझे सासरे सांगत, ते असे : चाळीच्या सामाईक गॅलरीत कार्यकर्ता उभा राहिला की त्याला पाण्याविषयी विचारायचे, तो उत्तर देऊ शकला नाही की तिसऱ्या मजल्यापर्यंत हसे व्हायचे. त्याला आवाज चढवून सुटता येत नसे, कारण दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा त्याच जिन्याने वर यायचे असे. त्या काळीही जातीची, भाषेची बोलणी होतच. पण प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकमेकांना दिसत होते.

बोलण्याने माणूस कसा फसतो, याचा दाखला द्यायला मला राजकारणात जाण्याची गरज नाही. १९८८ च्या सुमारास मी परळच्या एका शाखेत कर्जविभाग पाहत होतो. गिरणी संपाला सहा वर्षे झालेली. लालबाग-परळच्या घरांतून माणसे लहानसहान उद्योगासाठी कर्ज मागायला येत. एका सकाळी दोघे आले. पहिल्याचे बोलणे ओघवते, आकडे तोंडावर, माझ्या प्रत्येक शंकेला हसून उत्तर. दुसरा गिरणीतून बाहेर पडलेला, बोलताना अडखळणारा. कापडी पिशवीतून त्याने बिले, भाडेपावत्या आणि दोन जुन्या गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या काढून मेजावर ठेवल्या. मी पहिल्याचे कर्ज मंजुरीसाठी वर पाठवले. दुसऱ्याला "पुढच्या आठवड्यात या" म्हणालो. त्याचे कागद मी नीट पाहिलेच नव्हते. वीस मिनिटे मी दोघांची तोंडे पाहत होतो. पहिल्याचे खाते अठरा महिन्यांत थकले आणि पुढे बुडीत झाले. दुसरा पुन्हा आला नाही. त्याची पिशवी मला अजून दिसते.

म्हणून ज्याचे मत ठरलेले नाही त्याला मी कमी लेखत नाही. कागद अपुरे असताना सही न करणारा अधिकारी हाच खरा अधिकारी. पण अपुरे कागद मागून घ्यावे लागतात. अर्ज तसाच मेजावर ठेवून भाईंदरला जाता येत नाही.

२०२५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर कारभार प्रशासकाच्या हाती गेला आणि २०२५ मध्येही नगरसेवक नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका ३१ जानेवारी २०२६ पर्यंत पूर्ण करण्यास सांगितले होते. रात्री नऊच्या खिडक्या भरू लागल्या होत्या. माझ्या मेहुण्यांचा तेव्हा दूरध्वनी आला. चर्चा अजूनही पाहता काय, असे विचारले तर म्हणाले, "पाहतो, दाजी. पण हातात वही घेऊन बसतो. आपल्या गल्लीचे नाव निघाले की रेघ मारायची असे ठरवले आहे." तोपर्यंत किती रेघा झाल्या, ते त्यांनी सांगितले नाही.

दुसरे काम त्यांनी हाती घेतले होते ते मला अधिक आवडले. उमेदवारांची नावे जाहीर झाली की सगळ्यांना एकाच सायंकाळी वाडीच्या चौकात बोलवायचे, प्रत्येकाला दहा मिनिटे द्यायची, आणि प्रश्न आधीच लिहून पाठवायचे. जागा म्हणून त्यांनी प्रथम स्थानकाचे सभागृह सुचवले होते. धर्मस्थान निवडणुकीसाठी वापरायचे नाही, हे मी त्यांना बजावून सांगितले. प्रश्नांचा कागद त्यांनी मला मराठी तपासायला पाठवला होता. पहिला प्रश्न पाण्याच्या वेळेचा, दुसरा माल उतरवण्याच्या जागेचा, तिसरा गल्लीतल्या मलवाहिनीचा. जिन्याच्या टेकूंचा प्रश्न त्यांनी खोडून, समासात ‘हा म्हाडाला’ असे लिहिले होते. उमेदवार येतील की नाही, याची त्यांना धास्ती होती. खुर्च्या पाच भाड्याने आणाव्यात की सात, ते अर्ज माघारी घेण्याची तारीख उलटल्यावर ठरणार होते.